सीटीई सर्टिफिकेशन 'सनसेट' होतंय म्हणे, मुलाने परीक्षा द्यावी की नाही?

फ्रिस्को_निवासी

नमस्कार मंडळी, हायस्कूलच्या पालकांचे इथे बरेच धागे आहेत पण सगळे एपी, एसएटी आणि कॉलेज अ‍ॅडमिशनचे. माझा प्रश्न जरा वेगळा आहे म्हणून नवीन काढतोय.

आम्ही डॅलसच्या उत्तरेला असतो. मुलगा दहावीत, त्याने आयटीचा सीटीई घेतलाय, म्हणजे करिअर अँड टेक्निकल एज्युकेशन, आपल्याकडे अकरावी-बारावीला व्होकेशनल असायचं त्यातला प्रकार, पण इथे अभ्यासात मागे पडलेल्यांनीच घ्यायचं असं काही नसतं, सगळीच मुलं घेतात. वर्षाच्या शेवटी एका सर्टिफिकेशनची परीक्षा असते, त्यासाठी आमचा पोरगा दिवाळीपासून घासतोय. परवा शाळेचा ईमेल आला की हे सर्टिफिकेशन राज्याच्या यादीत आता 'सनसेटिंग' आहे, इच्छा असल्यास परीक्षा देता येईल, पुढच्या वर्षीपासून वर्गाला दुसरं असेल. बस, दोन ओळी. खाली लिंक दिलीये ती पन्नास पानी पीडीएफला जाते.

माझे प्रश्न: ही यादी कोण ठरवतं, दर किती वर्षांनी बदलते, आणि मुख्य म्हणजे याने परीक्षा दिली आणि पास झाला तर ते सर्टिफिकेट रद्दी का? घरात सध्या यावरून दोन तट पडलेत. बायकोचं म्हणणं दे म्हणावं, केलेला अभ्यास फुकट जात नाही. मुलाचं म्हणणं मग मी कशाला देऊ, त्यापेक्षा प्रोग्रॅमिंग क्लबला जातो. मी मधे.

---

सुमेधा_जोग

मी ऑस्टिनजवळ एका पब्लिक हायस्कूलमधे सीटीईच शिकवते त्यामुळे हे रोजचं दुखणं आहे, सविस्तर लिहिते, चहा घेऊन बसा.

सगळ्यात आधी, फेडरल सरकार अशी यादी करत नाही. पर्किन्स कायदा आहे, त्याची सध्याची आवृत्ती २०१८ ची, त्याला पर्किन्स फाइव्ह म्हणतात, त्यातून सीटीईला पैसे येतात. त्यात राज्यांना सांगितलंय की तुमचा कार्यक्रम चांगला चाललाय की नाही हे मोजायला तीनपैकी किमान एक गोष्ट निवडा: मुलांना मान्यताप्राप्त सर्टिफिकेट मिळालं का, कॉलेजचे क्रेडिट मिळाले का, किंवा प्रत्यक्ष कामाचा अनुभव मिळाला का. आता 'मान्यताप्राप्त' कुठलं ते राज्याने ठरवायचं. म्हणून पन्नास राज्यांत पन्नास तर्‍हा.

टेक्ससमधे ही यादी टेक्सस एज्युकेशन एजन्सी काढते, आम्ही टीईए म्हणतो, आणि सर्टिफिकेशनला आयबीसी म्हणतात, इंडस्ट्री-बेस्ड सर्टिफिकेशन. यादीच्या नावातच 'पब्लिक स्कूल अकाउंटेबिलिटीसाठी' असं लिहिलेलं आहे, ते कोणी वाचत नाही. म्हणजे ही यादी मुळात तुमच्या मुलासाठी नाहीच, शाळेला ए ते एफ ग्रेड मिळते ना, त्या हिशोबासाठी आहे. हायस्कूलच्या ग्रेडमधे सीसीएमआर नावाचा भाग असतो, कॉलेज, करिअर आणि मिलिटरीसाठी किती मुलं तयार झाली त्याचा. एखादा मुलगा एसएटीत किंवा एपीत बसला नाही पण त्याने यादीतलं एखादं आयबीसी काढलं की तोही 'तयार' मोजला जातो.

यात गोम अशी झाली की यादी सुरुवातीला छोटी होती, मग २०१९ ला फुगली, आणि शाळांना कळलं की काही सर्टिफिकेशनं दोन आठवड्यांत उरकतात. मग काय, मुलांच्या झुंडी त्या परीक्षांना. फुलांच्या सजावटीचं सर्टिफिकेशन घेतलेली मुलं किती आणि राज्यात फुलवाल्यांकडे नोकर्‍या किती, असले प्रश्न लोक विचारायला लागले. म्हणून पुढच्या फेरीला म्हणजे २०२२ ते २०२५ च्या यादीच्या वेळी छाटणी केली, आणि जी बाहेर गेली ती 'सनसेटिंग'. एकदम बंद करत नाहीत कारण मुलं निम्म्या वाटेवर असतात. सनसेटिंगवाली काही काळ मोजतात पण त्याला मर्यादा घातली: ज्यांचा सीसीएमआर फक्त अशाच सर्टिफिकेशनवर अवलंबून आहे अशी मुलं शाळेने ५ किंवा एकूण ग्रॅज्युएट होणार्‍यांच्या २० टक्के, यातला जो आकडा मोठा असेल तेवढीच मोजायची. त्याच्या वरची मुलं पास झाली तरी शाळेच्या खात्यात शून्य.

आता तुम्हाला कळेल की ईमेल असा का आला. 'इच्छा असल्यास देता येईल' याचा अर्थ आमचा कोटा बहुतेक भरतोय, तुम्ही दिलीत तर आनंद, नाही दिलीत तर त्याहून आनंद.

---

फ्रिस्को_निवासी

सुमेधाताई, दंडवत. शाळेच्या ईमेलमधे यातलं एक अक्षर नव्हतं.

पण छाटणी करताना निकष काय लावतात?

---

सुमेधा_जोग

सर्टिफिकेट शाळेने नाही तर बाहेरच्या संस्थेने दिलेलं हवं, त्या क्षेत्रातल्या मालकांनी मान्य केलेलं हवं, एकाच कंपनीत चालेल आणि रस्ता ओलांडला की नाही असं नको, हायस्कूलमधे असताना मिळण्यासारखं हवं (काहींना वयाची किंवा अनुभवाची अट असते, ती इथेच गळतात), आणि राज्याच्या कुठल्यातरी प्रोग्रॅम ऑफ स्टडीशी, म्हणजे एका विषयातल्या कोर्सेसच्या ठरलेल्या साखळीशी, जुळायला हवं. हे शेवटचं आता फार कडक होत चाललंय. पूर्वी मुलगी शिकतेय पशुवैद्यकाचं आणि परीक्षा देतेय एक्सेलची, तरी चालायचं. आता टप्प्याटप्प्याने अशी अट येतेय की ज्या विषयाचं सर्टिफिकेट, त्याच विषयाचे कोर्सही केलेले हवेत, आधी एखादा, मग जास्त. मला विचाराल तर हा बदल यादीच्या छाटणीपेक्षा मोठा आहे आणि चांगला आहे, त्याचा गवगवा मात्र कमी.

भांडणं होतातच. सीसीएमआरमधे ए मिळवायला पूर्वी ६० लागायचे ते टीईएने ८८ केले, यावरून बरेच स्कूल डिस्ट्रिक्ट (त्या त्या भागातल्या शाळा चालवणारी मंडळं) कोर्टात गेले, २०२३ च्या ग्रेड त्यात अडकल्या त्या २०२५ च्या एप्रिलमधे बाहेर आल्या. तेव्हा शाळा सर्टिफिकेशनच्या मागे एवढ्या का लागतात ते बघा.

---

टँपाचे_काका

आमच्याकडे फ्लोरिडात हिशोब ग्रेडचाही आहे पण मुख्य पैशांचा. २००७ साली केप कायदा आला, करिअर अँड प्रोफेशनल एज्युकेशन अ‍ॅक्ट, आणि यादीचं नावच 'फंडिंग लिस्ट'. निदान प्रामाणिक नाव. मुलाने यादीतलं सर्टिफिकेशन काढलं की डिस्ट्रिक्टला एका मुलामागे जो निधी मिळतो त्यात वरकड मिळते, साध्याला ०.१, कॉलेजशी करार असलेल्याला ०.२, कॉलेजचे १५ ते २९ क्रेडिट वाचवणार्‍याला ०.५ आणि ३० किंवा जास्त वाचवणार्‍याला पूर्ण १. शिवाय शिकवणार्‍या मास्तरांनाही बोनस, साध्या सर्टिफिकेशनला विद्यार्थ्यामागे २५ डॉलर, वजन वाढेल तसा तोही वाढतो.

आता जिथे पैसे तिथे मुंग्या. परीक्षा विकणार्‍या कंपन्यांचे लोक डिस्ट्रिक्टच्या ऑफिसात रांग लावून असतात. २०२१ मधे रीच नावाचा कायदा झाला त्यात क्रेडेन्शियल्स रिव्ह्यू कमिटी (सर्टिफिकेटं, डिग्र्या तपासणारी) नेमली, त्यांनी 'फ्रेमवर्क ऑफ क्वालिटी' ठरवायची, आणि एक मास्टर यादी ठेवायची जी शाळा, कॉलेज आणि वर्कफोर्स सगळ्यांना एकच. त्याआधी शाळेची यादी वेगळी, कॉलेजची वेगळी, रोजगारवाल्यांची तिसरी. निकष दोन मोठे, त्या कामाला राज्यात किंवा निदान त्या भागात मागणी आहे का आणि पगार अमुकच्या वर आहे का. कागद द्यावे लागतात, नुसतं मालकांचं पत्र आणून चालत नाही.

मी निवृत्त माणूस, नातवंडांच्या निमित्ताने वाचत असतो. बोर्डाच्या मीटिंगा ऑनलाइन दिसतात, मालिकांपेक्षा बर्‍या.

---

खडूस_खारूताई

काका आणि ताई, तुम्ही दोघांनी फार गोड लिहिलंय पण मूळ मुद्दा असा की हा सगळा परीक्षा विकण्याचा धंदा आहे. २०१९ मधे एक्सेलिनएड ही शिक्षणधोरणवाली संस्था आणि नोकर्‍यांच्या जाहिरातींचा डेटा बघणारी बर्निंग ग्लास यांनी मिळून राज्यांची आकडेवारी तपासली, तर हायस्कूलच्या मुलांनी मिळवलेल्या सर्टिफिकेशनांपैकी जेमतेम १९ टक्के अशी होती की ज्यांना मालकांकडून मागणी आहे. एकोणीस! बाकीच्या ८१ टक्क्यांसाठी मुलांनी कशाला घासलं? आणि क्रेडेन्शियल इंजिन नावाच्या संस्थेने २०२२ मधे मोजलं तर देशभरात दहा लाखांवर वेगवेगळी क्रेडेन्शियल्स निघाली, डिग्र्या धरून. राज्यातल्या कुठल्या कमिटीला हे सगळं तपासणं शक्य आहे?

---

सुमेधा_जोग

खारूताई, १९ टक्क्यांचा आकडा खरा आहे आणि तो यायला हवाच होता, त्यानंतरच अनेक राज्यं जागी झाली. पण तो बराचसा नोकरीच्या जाहिरातींवरून काढलेला आहे. बांधकामाच्या जाहिरातीत ओशा-१० चं (ओशा म्हणजे कामाच्या जागच्या सुरक्षेचं फेडरल खातं) कार्ड पाहिजे असं प्रत्येक जण लिहीत नाही, साइटवर पहिल्या दिवशी मागतात. उलट ओशा-१० हे सर्टिफिकेशनच नाही असं खुद्द ओशा म्हणतं, तो दहा तासांचा सुरक्षेचा वर्ग आहे, तरी कित्येक राज्यांच्या यादीत तो होता किंवा आहे. म्हणजे जाहिरातीत नसलेलं सगळंच निरुपयोगी नाही आणि यादीत असलेलं सगळंच सर्टिफिकेशन नाही. कमिटीला खरं काम इथे असतं.

दुसरं, पगाराची अट ऐकायला छान वाटते पण ती आंधळेपणाने लावली की सीएनए, म्हणजे सर्टिफाइड नर्स एड, हे पहिलं उडतं. पगार कमी, हे खरंच. पण मागणी बघा, कुठलंही नर्सिंग होम माणसं शोधतच असतं, आणि माझ्या शेजारच्या वर्गातल्या निम्म्या मुली त्याच कामावरून पुढे नर्सिंगला गेल्यात. मुलींनी मॅनिकिनवर नाही तर प्रत्यक्ष आजीबाईंना पलंगावरून खुर्चीत बसवलेलं असतं, ब्रेक लावला का बघून, कमरेला पट्टा बांधून, तोंडाने प्रत्येक पायरी सांगत. मला तरी हे कुठल्याही ऑनलाइन मल्टिपल चॉइस सर्टिफिकेशनपेक्षा जास्त मोलाचं वाटतं. अशी सर्टिफिकेशनं 'पहिली पायरी' म्हणून वेगळी ठेवायची सोय ज्या राज्यात आहे तिथे ठीक, नसेल तिथे रिव्ह्यू म्हणजे कुर्‍हाड.

---

बग_फिक्स

आयटीवाला म्हणून माझे दोन पैसे. इथे तीन वेगवेगळ्या मुदती आहेत आणि सगळे लोक त्या एकात एक घालून बोलतायत.

एक मुदत राज्याच्या यादीची, ती सुमेधाताईंनी सांगितली. दुसरी मुदत परीक्षा घेणार्‍या कंपनीची. मायक्रोसॉफ्टच्या एमटीए परीक्षा आठवतात का, मायक्रोसॉफ्ट टेक्नॉलॉजी असोसिएट, देशभरातल्या हायस्कूलांत भयंकर चालायच्या, मायक्रोसॉफ्टनेच ३० जून २०२२ ला बंद केल्या. राज्यांच्या याद्यांत त्या होत्या, पुस्तकं घेतलेली होती, शिक्षकांनी ट्रेनिंग केलेलं होतं, काही नाही, दुकान बंद. मग सर्टिपोर्ट या परीक्षा कंपनीची आयटी स्पेशालिस्ट आली आणि राज्यांना घाईघाईत याद्या दुरुस्त कराव्या लागल्या. म्हणजे राज्य काही वर्षांनी एकदा बघणार आणि कंपनी मनात येईल तेव्हा.

कॉम्पटियाचं ए प्लस घ्या, कॉम्प्युटर सपोर्टचं पायाभूत सर्टिफिकेशन. त्याला दोन पेपर असतात, कोअर वन आणि कोअर टू, आणि साधारण तीन वर्षांनी आवृत्ती बदलते. दोन्ही पेपर एकाच आवृत्तीचे लागतात. नवीन आवृत्ती मार्च २०२५ मधे आली आणि जुनी सप्टेंबर २०२५ मधे मिटली. आता एखाद्या मुलीने मेमधे जुन्या आवृत्तीचा पहिला पेपर दिला, सुट्टीत भारतात जाऊन आली, शाळा सुरू झाल्यावर दुसरा देते म्हणाली आणि तारीख निघून गेली तर पहिला पेपर पास असूनही कामाचा नाही. आमच्या ओळखीत हे घडलंय, पोरगी दोन दिवस जेवली नाही.

आणि तिसरी मुदत स्वतःच्या सर्टिफिकेटची. ए प्लस तीन वर्षं, पुढे चालू ठेवायचं तर २० कंटिन्यूइंग एज्युकेशनचे पॉइंट आणि फी. सीपीआरचं कार्ड दोन वर्षं. सर्व्हसेफ मॅनेजर, म्हणजे हॉटेलातल्या अन्नसुरक्षेचं, साधारण पाच वर्षं. नववीत सीपीआर काढलं की अकरावीत ते संपलेलं असतं, हे पालकांना सांगतच नाहीत.

फ्रिस्को_निवासी, तुमच्या मुलाचं नक्की कुठल्या मुदतीत अडकलंय ते बघा. राज्याने काढलंय का कंपनीने बंद केलंय? राज्याने काढलं असेल तर सर्टिफिकेट बाजारात आहे तसंच आहे, फक्त शाळेला पॉइंट नाही. कंपनीने बंद केलं असेल तर वेगळा विचार.

---

फ्रिस्को_निवासी

बग_फिक्स, हे बेस्ट. मी तिन्ही एकच समजत होतो. बघून सांगतो.

---

लाउडनची_आई

व्हर्जिनियाचं सांगते, आमच्याकडे अजून वेगळी गंमत. इथे २०१३-१४ मधे नववीत गेलेल्या मुलांपासून स्टँडर्ड डिप्लोमालाच क्रेडेन्शियल सक्तीचं केलं होतं. म्हणजे नाही मिळालं तर डिप्लोमा अडतो. मग एवढ्या मुलांना काहीतरी द्यायचं तर काय देणार, वर्कप्लेस रेडिनेस स्किल्स नावाची परीक्षा, वेळेवर या, ईमेल नीट लिहा, टीममधे भांडू नका अशा धर्तीची, आणि वाइजची फायनान्शियल लिटरसी, ती पर्सनल फायनान्सच्या वर्गाबरोबर सगळेच देतात. माझ्या मोठ्यानेही दिली, क्रेडिट कार्डाचं व्याज कसं लागतं ते त्याने जेवताना आम्हाला समजावलं तेव्हा मी आणि नवरा एकमेकांकडे बघत होतो. उपयोग आहेच. पण हे 'इंडस्ट्री' सर्टिफिकेशन कसं, हे मला कळलेलं नाही.

पुढे त्यात पर्याय आले, एपी-ऑनर्स-ड्युअल एनरोलमेंटचा वर्ग किंवा वर्क-बेस्ड लर्निंग केलं तरी चालतं.

इथली यादी स्टेट बोर्ड मंजूर करतं. त्यात मला एक अट आवडते, परीक्षा बंदोबस्तात घ्यायची आणि ती शाळेबाहेरच्यांनी तपासायची, म्हणजे ज्या मास्तरने शिकवलं त्यानेच मार्क द्यायचे नाहीत.

---

कोलंबसचा_वाटाड्या

ओहायोत पॉइंट आहेत. प्रत्येक सर्टिफिकेशनला १ ते १२ पॉइंट, एकाच करिअर फील्डमधे १२ जमवले की ग्रॅज्युएशनची ती एक वाट धरता येते. त्यामुळे इथे रिव्ह्यू म्हणजे नुसतं आत-बाहेर नाही, पॉइंट कमीजास्त होतात. मुलीच्या वर्गात सीपीआर एक पॉइंट, आणि फ्लेबॉटॉमी (तपासणीसाठी रक्त काढणं) सारख्याला जास्त. मला ही पद्धत बरी वाटते, फालतू सर्टिफिकेशन यादीतून हाकलण्यापेक्षा त्याची किंमत कमी करा, भांडण कमी होतं.

---

एच४_पालक

माझा प्रश्न थोडा अवांतर पण महत्त्वाचा. आम्ही ग्रीन कार्डच्या रांगेत, मुलगी एच-४ वर, म्हणजे एच-१ वाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर. तिला सीएनए करायचंय, शाळेत प्रोग्रॅम आहे. तिने करावं का? तिला काम करता येत नाही.

---

सुमेधा_जोग

करता येईल पण हे आधी वाचा. सीएनएला फेडरल नियम आहे, किमान ७५ तासांचं ट्रेनिंग, मग परीक्षा, मग राज्याच्या रजिस्ट्रीत नाव. आणि सलग २४ महिने जर पगारी नर्सिंगचं काम केलं नाही तर ट्रेनिंग किंवा निदान परीक्षा पुन्हा करावी लागते. 'पगारी' हा शब्द नियमात आहे, व्हॉलंटियरिंग त्यात धरत नाहीत. एच-४ वरच्या मुलीला पगार घेता येत नाही. म्हणजे तिचं सर्टिफिकेट यादीत असेल, शाळेला पॉइंट मिळतील, आणि दोन वर्षांनी ते तिच्यापुरतं संपेल. नर्सिंगला जायचं नक्की असेल तर अनुभव म्हणून जरूर करू दे, कॉलेजच्या निबंधात लिहायला सोनं आहे. नोकरीचा आधार म्हणून धरू नका.

असल्या मुलांसाठी मी नेहमी सांगते की ज्यात कॉलेज क्रेडिट मिळतं ते सर्टिफिकेशन बघा. काउन्सेलरला सरळ विचारा, आर्टिक्युलेशन करार (सर्टिफिकेशनला कॉलेजने क्रेडिट द्यायचा) आहे का आणि कुठल्या कॉलेजशी. करार कागदावर असतो, दाखवा म्हणायचं.

---

एच४_पालक

हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. पेड इंटर्नशिपचंही तसंच झालं होतं, मुलगी निवडली गेली आणि मग कागदपत्रं मागितल्यावर गप्प.

---

आयटीआय_मास्तर

मी सातारा जिल्ह्यात आयटीआयला कोपा शिकवतो, संगणकाचा ट्रेड. धागा वाचून बरं वाटलं की अमेरिकेतही यादीचा घोळ आहे. आपल्याकडे आता एनएसक्यूएफखाली, म्हणजे कौशल्य शिक्षणाच्या राष्ट्रीय चौकटीत, जी क्वालिफिकेशन मंजूर होतात त्यांच्या फाइलवर पुढच्या रिव्ह्यूची तारीखच छापलेली असते आणि एनसीव्हीईटी ही व्यवसाय शिक्षणाची केंद्रीय नियामक संस्था त्यावर बसलीय, २०१८ मधे अधिसूचना निघाली. कागदावर आपली व्यवस्था जास्त टापटीप आहे असं मला वाटतं. प्रत्यक्षात लॅबमधलं मशीन आणि सिलॅबस यांची गाठ पडायला वेळ लागतो.

बंद पडलेल्या सर्टिफिकेटचं म्हणाल तर सरकारी टायपिंगची परीक्षा आठवा. टाइपरायटरवर मराठी ३०, इंग्रजी ४० करत आमची पिढी गेली, खाडखाड आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही, कार्बन हाताला लागायचा. आता ती संगणकावर होते, जीसीसी-टीबीसी. परीक्षा परिषदेने ठरवल्यावरही इन्स्टिट्यूटवाल्यांचा किती विरोध झाला होता, मशीनं घेऊन बसलेली माणसं ती. अमेरिकेत शाळांनी पुस्तकं आणि किट घेऊन ठेवल्यावर यादी बदलली की असाच आरडाओरडा होत असणार.

---

टँपाचे_काका

होतो ना मास्तर! अगदी तस्साच. फरक इतकाच की इथे तो झूमवर होतो आणि प्रत्येकाला तीन मिनिटं.

---

खडूस_खारूताई

मास्तर, खाडखाड आवाज वाचून एकदम डोळ्यासमोर आलं.

पण माझा प्रश्न अजून तसाच आहे. रिव्ह्यू करताना मुलांचं पुढे काय झालं हे कोणी बघतं का? मागणी, पगार, मालकांची पत्रं, सगळं अंदाजाने. ज्या पोराने २०१९ मधे सर्टिफिकेट घेतलं तो आज काय करतोय, हा एकच प्रश्न विचारला तर निम्मी यादी आपोआप गळेल.

---

सुमेधा_जोग

इथे मी शंभर टक्के तुमच्या बाजूने. अडचण अशी की शाळेची माहिती एका खात्याकडे, पगाराची माहिती बेरोजगार विम्याच्या नोंदींत म्हणजे दुसर्‍या खात्याकडे, आणि सर्टिफिकेट कोणाला मिळालं ती नोंद परीक्षा घेणार्‍या खाजगी कंपनीकडे. कंपनी शाळेला 'पास' एवढं कळवते, कधीकधी तेही शिक्षकाने स्क्रीनचा फोटो काढून एक्सेलमधे भरलेलं असतं. मी स्वतः भरते, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, लॅबमधे परीक्षा संपल्या संपल्या १००० पैकी आकडा येतो, ७०० च्या वर असला की पोरं ओरडतात आणि मी नावापुढे तारीख टाकते. या नोंदीवरून पाच वर्षांनी त्याचा पगार शोधायचा म्हणजे नाव, जन्मतारीख जुळवत बसा. टेक्ससमधे शिक्षण, उच्च शिक्षण आणि वर्कफोर्स ही तिन्ही खाती एकत्र बसवायचा कायदा २०२१ मधे झाला, त्यामुळे हळूहळू सुधारेल. जो मुलगा राज्याबाहेर गेला किंवा स्वतःचा धंदा करतो तो विम्याच्या नोंदीत दिसतच नाही, हे मात्र राहणारच.

---

फ्रिस्को_निवासी

अपडेट देतो. आज काउन्सेलरशी बोललो. बग_फिक्स यांनी सांगितलेला प्रश्न विचारला, राज्याने काढलं का कंपनीने बंद केलं. बाई क्षणभर गप्प झाल्या, मग आत जाऊन सीटीईच्या कोऑर्डिनेटरना घेऊन आल्या. तर राज्याने काढलंय, परीक्षा चालू आहे, कंपनीची कुठलीही तारीख जाहीर झालेली नाही. आणि आमचा पोरगा दहावीत असल्याने त्याला बारावीपर्यंत नवीन यादीतलं एखादं करता येणारच आहे, म्हणजे शाळेच्या हिशोबालाही तो पुढे कामी येईल. त्या कोऑर्डिनेटर स्वतःहून म्हणाल्या की पुढचं सर्टिफिकेशन याच अभ्यासाच्या वरचं आहे, साठ-सत्तर टक्के भाग तोच.

फीचंही विचारलं. राज्य यादीतल्या परीक्षेची फी भरून देतं ती एका विद्यार्थ्याला एकदाच, तेव्हा ती सवलत नवीन परीक्षेसाठी राखून ठेवा आणि ही डिस्ट्रिक्टच्या उरलेल्या व्हाउचरवर देऊ असं म्हणाल्या. हे व्हाउचर वर्ष संपलं की बाद होतात, म्हणून त्यांनाही ते संपवायचेच आहेत.

तर ठरलं, देतोय. बायको जिंकली.

---

बग_फिक्स

व्हाउचरची एक्सपायरी, चौथी मुदत. मी विसरलोच होतो.

---

लाउडनची_आई

बायको जिंकली हे पहिल्या पोस्टवरूनच कळलं होतं.

फ्रिस्को, अजून एक, तुमच्या डिस्ट्रिक्टची सीटीई अ‍ॅडव्हायजरी कमिटी असेल तर तिथे जा. पर्किन्स फाइव्हमधे दर दोन वर्षांनी स्थानिक गरजांची पाहणी करायची सक्ती आहे आणि त्यात पालकांनाही विचारायचं असतं. आमच्याकडे मी गेले तेव्हा टेबलाभोवती एक गॅरेजवाला, हॉस्पिटलच्या एचआरमधली बाई, कम्युनिटी कॉलेजचा माणूस आणि पालक म्हणून मी एकटी. गॅरेजवाल्याने स्पष्ट सांगितलं की मला सर्टिफिकेट नको, पोराला ब्रेक पॅड बदलता येतात का ते मी अर्ध्या तासात बघतो. ते मिनिट्समधे गेलं की नाही माहीत नाही.

---

टँपाचे_काका

गॅरेजवाला निवडणुकीला उभा राहिला तर मत देईन.

---

कोलंबसचा_वाटाड्या

अवांतर, पण इथे जाणकार जमलेत म्हणून विचारतो. ड्रोन उडवायचं एफएएचं (विमान वाहतूक खात्याचं) पार्ट १०७ सर्टिफिकेट कोणाच्या मुलांनी केलंय का? मुलीला नववीतच द्यायचंय, शाळेच्या यादीत आहे.

---

बग_फिक्स

वय १६ पूर्ण लागतं, त्याआधी सर्टिफिकेट मिळत नाही. माझ्या भाच्याने केलंय. परीक्षा सेंटरवर जाऊन द्यावी लागते, एअरस्पेसचे नकाशे वाचायला शिकवा, तिथेच मुलं अडकतात. नंतर दर २४ महिन्यांनी एफएएचं ऑनलाइन रिकरंट ट्रेनिंग करावं लागतं, त्याला फी नाही.

---

कोलंबसचा_वाटाड्या

मग अकरावीपर्यंत थांबतो. नकाशे आत्तापासून सुरू करतो, धन्यवाद.